आपत्तीची पूर्वतयारी आणि स्वयंसेवा : सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नोकरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या आणि कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या माणसाने नैसर्गिक आपत्तीसाठी घराची तयारी कशी करावी, आणि आपत्ती आलीच तर आसपासच्या लोकांच्या उपयोगी कसे पडावे? आपण हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडले आहेत. बचाव आणि मदतकार्यात बरीच वर्षे घालवल्यावर मला ते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे वाटतात. ज्याच्या घरची तयारी झालेली नाही, तो मनात कितीही असले तरी पहिल्या दिवशी घराबाहेर पडू शकत नाही. आणि शेजाऱ्याच्या मदतीला सर्वांत जास्त मोल असते ते त्या पहिल्याच दिवशी.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधील कोबे शहर आणि त्याचा परिसर भूकंपाने हादरला आणि सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्यांतून जे जिवंत बाहेर आले, त्यांच्यापैकी बहुसंख्यांना घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. असे म्हणण्यात अग्निशमन दलाला किंवा लष्कराला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. शेकडो ठिकाणी एकाच वेळी घरे कोसळलेली असतात, रस्ते अडलेले असतात आणि आगी लागलेल्या असतात, तेव्हा कोणतीही यंत्रणा पुरी पडत नाही, हा साधा हिशेब आहे. त्याच भूकंपात अवाजी बेटावरील होकुदान या गावी रहिवाशांनी आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाने अडकलेल्या माणसांचा शोध त्याच दिवशी संपवला. कोणत्या घरात कोण राहते, इतकेच काय, कोण कोणत्या खोलीत झोपते, हे त्यांना ठाऊक होते. बाहेरून आलेल्या पथकाकडे कितीही उत्तम यंत्रे असली, तरी ही माहिती त्याच्याकडे नसते. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा गाभा मला या गावात दिसतो, आणि पुढचे बरेचसे विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे.

तरीही सुरुवात घरापासून करावी लागेल. आपण राहता तेथे कोणता धोका खरोखर संभवतो, हे आधी ठरवा. भूकंप, पूर, वादळ, दरड आणि वणवा या सर्वांसाठी एकच तयारी पुरेल असे समजणे चुकीचे आहे. भूकंपात टेबलाखाली शिरून डोके झाकायचे आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवायचा असतो, तर पुरात तळमजल्यावर क्षणभरही रेंगाळायचे नसते. भूकंपात कपाटाच्या किंवा पलंगाच्या शेजारी आडवे झोपावे, तेथे पोकळी तयार होते, असा एक सल्ला अधूनमधून फिरत असतो. तो मानू नये. कोणती वस्तू कोणत्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि हादऱ्यांत माणसाला चार पावलेही नीट टाकता येत नाहीत. त्यापेक्षा उंच कपाटे भिंतीला लोखंडी कोनांनी आवळून टाका आणि झोपण्याच्या जागेवर पडेल असे काहीही वर ठेवू नका. पलंगाच्या पायाला एका पिशवीत जाड तळाची चप्पल किंवा बूट बांधून ठेवा. हे ऐकून लोक हसतात, पण रात्रीच्या भूकंपानंतर पहिली जखम बहुधा अंधारात अनवाणी पायाने काचेवर पाऊल पडल्यामुळे होते, आणि तळपाय फाटलेला माणूस स्वतः मदतीला मुकतो व दुसऱ्याच्या मदतीलाही जाऊ शकत नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ४ लिटर असा धरावा, आणि निदान तीन दिवसांचा साठा असावा. चार माणसांच्या घरात हे ४८ लिटर होतात, म्हणजे ४८ किलो. येथेच अनेकांची गल्लत होते : घरात अडकून पडल्यास लागणारा साठा आणि घर सोडताना खांद्यावर घ्यायची पिशवी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवी इतकीच जड असावी की घरातील सर्वांत दुबळा प्रौढ माणूस ती घेऊन जिना उतरू शकेल. तीत रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत, चष्म्याची जुनी जोडी, विजेरी, शिट्टी, थोडे सुटे पैसे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे असले म्हणजे बरेचसे काम भागते.

मध्यंतरी एका कुटुंबाने मोठ्या अभिमानाने आपली अशी पिशवी मला दाखवली. ती पाच वर्षांपूर्वी भरलेली होती. विजेरीत सेल घालूनच ठेवलेले होते. ते पाझरले होते आणि आत हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. औषधांच्या पट्ट्यांवरची मुदत कधीच उलटून गेली होती. तळाशी मुलाचे बूट होते, आणि ते बूट हातात घेऊन समोर उभा असलेला मुलगा आता वडिलांच्या खांद्याला लागत होता. शिट्टी तेवढी वाजली. म्हणून माझा आग्रह असतो की पिशवी भरण्यापेक्षा ती वर्षातून दोनदा उघडून पाहण्याच्या तारखा ठरवाव्यात, सेल विजेरीच्या बाहेर वेगळे ठेवावेत आणि औषधे रोजच्या वापरातून फिरती ठेवावीत.

विजेचा मेन स्विच आणि गॅसची तोटी बंद करणे घरातील प्रत्येकाला, मोठ्या मुलांनासुद्धा, आपल्या हाताने जमले पाहिजे. ती कोठे आहे हे सांगता येणे पुरेसे नाही. कोबेमध्ये भूकंपानंतर लागलेल्या आगींपैकी कितीतरी आगी वीजपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर लागल्या, कारण पडलेले हीटर आणि तुटलेल्या तारा तशाच जोडलेल्या होत्या आणि घरात कोणी नव्हते. घर सोडताना मेन स्विच बंद करण्यामागे हेच कारण आहे. संपर्काच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवा की आपत्तीनंतर फोन लागत नाही तेव्हाही लहानसा लेखी संदेश अनेकदा पोहोचतो, आणि दुसऱ्या शहरातील एखादा नातेवाईक ‘सर्वांनी आपली खुशाली यांना कळवायची’ म्हणून आधीच ठरवून ठेवलेला असला, तर घरातील चौघे चार ठिकाणी असले तरी एकमेकांचा पत्ता लागतो.

आता वस्तीकडे येऊ. मला एकच साधन निवडायला सांगितले, तर दोर, शिडी आणि स्ट्रेचर बाजूला ठेवून मी शंभर पानी नोंदवही निवडेन. इमारतीतील किंवा गल्लीतील प्रत्येक घराला एक पान द्यावे. किती माणसे राहतात, रात्री कोण कोठे झोपते, दिवसा घरात कोण एकटे असते, कोणाला चालता येत नाही, कोण ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर आहे, कोणाला ऐकू येत नाही, पाळीव जनावर आहे का, दाराची जादा किल्ली कोणाकडे असते, एवढे त्यात असावे. मागच्या पानांवर उलट बाजूची यादी करावी : परिचारिका कोण, वीजतंत्री कोण, कोणाकडे लांब शिडी, पहार, करवत किंवा गाडीचा जॅक आहे. गाडीच्या जॅकवर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण पडलेला वासा वीत-दीड वीत उचलायला त्याच्याइतके सहज हाताशी असणारे साधन दुसरे नाही. अशी वही कागदाचीच असावी, तीन वेगवेगळ्या घरांत तिची एकेक प्रत असावी आणि ती कोणाच्या हाती राहील हे सर्वांच्या संमतीने ठरावे. कारण कोण एकटे राहते आणि किल्ली कोणाकडे असते, ही माहिती भलत्या हातात पडणे धोक्याचे आहे. कोणी माहिती देण्यास नकार दिला, तर आग्रह धरू नये. वर्षभरात शेजाऱ्याने दिलेली माहिती वाया गेली नाही हे पाहून तो बहुधा आपणहून येतो.

वही केली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. एका रंगीत तालमीत आमच्या वहीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पानावर ‘एकट्या राहतात, चालता येते’ असे नीट लिहिलेले होते. दोन तरुण स्वयंसेवक दार ठोठावत दहा मिनिटे उभे राहिले, घंटा वाजवत राहिले आणि अखेर ‘घरात कोणी नाही’ अशी नोंद करून खाली उतरले. आजी आत पेपर वाचत बसल्या होत्या. त्या दुपारी कानातले यंत्र काढून ठेवतात, हे फक्त समोरच्या घरातल्या बाईंना माहीत होते आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तालमी घ्यायच्या त्या अशा चुका सापडाव्यात म्हणून. ज्या तालमीत सगळे सुरळीत पार पडते, तिची मला थोडी शंकाच येते.

आपत्तीपूर्वीच्या कामात इशारा पोहोचवणे हेही आले, आणि हे काम प्रशिक्षण नसलेल्या माणसालाही उत्तम जमते. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मेली असे मानले जाते. त्यानंतर तेथे रेड क्रॉसच्या सहभागाने किनारपट्टीवर स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. कर्णे आणि निशाणे घेऊन दारोदार जाणे, म्हाताऱ्यांना आणि मुलांना निवाऱ्यात पोहोचवणे हे त्यांचे काम. आज त्यात हजारो स्त्री-पुरुष आहेत आणि त्या किनाऱ्यावर वादळातील मृत्यू पूर्वीच्या मानाने फारच घटले आहेत. इंडोनेशियातील सिमुलुए बेटावर तर यंत्रही नव्हते. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तेथे ‘स्मोंग’ या एका शब्दात तोंडोतोंडी चालत आली होती : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळायचे. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर त्सुनामीने सातच बळी घेतले. अधिकृत सूचना शब्दशः वाचून दाखवण्यापेक्षा ‘आता उठा, हे दार बंद करा, माझ्याबरोबर चला’ असे ओळखीच्या माणसाने सांगितले की लोक हलतात, असा माझाही अनुभव आहे.

प्रत्यक्ष बचावाविषयी मी जरा कठोरपणे लिहिणार आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत उत्स्फूर्तपणे धावून आलेल्या नागरिकांनी सुमारे ८०० जणांचे प्राण वाचवले, आणि तसे करताना त्यांच्यातले सुमारे १०० जण मरण पावले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने सामान्य नागरिकांना प्राथमिक प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. पुढे १९९३ पासून अमेरिकेत ते देशभर पोहोचले. त्या शिक्षणाचा पहिला धडा हाच की बचावणाऱ्याने स्वतः बळी ठरायचे नाही. इमारत कलली असेल, गॅसचा वास येत असेल, आत पाणी चढत असेल किंवा तारा लोंबत असतील, तर आत जायचे नाही. बाहेरून हाक मारायची, जागा खुणेने दाखवून ठेवायची आणि प्रशिक्षित पथकाला तेथे आणायचे. वाहत्या पाण्याच्या बाबतीत तर माणसाचा अंदाज हमखास चुकतो. जोराने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते, ३० सेंटीमीटरमध्ये लहान गाडी सरकू लागते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते. बुडणाऱ्याकडे काठी पुढे करावी, दोर किंवा तरंगणारे काहीही फेकावे. पोहता येते एवढ्या भरवशावर उडी घेऊ नये.

ढिगाऱ्यावर काम करताना सर्वांत अवघड गोष्ट कोणती असे विचाराल, तर गप्प बसणे. गर्दी जमते, प्रत्येकजण ओरडत असतो, आणि खाली अडकलेल्या माणसाचा क्षीण आवाज कोणालाच ऐकू येत नाही. मेक्सिकोत यासाठी मूठ वळून हात उंच करण्याची खूण रूढ झाली आहे : एकाने मूठ वर केली की पाहणारा प्रत्येकजण तीच खूण करतो आणि हातातले काम थांबते. वाहनांची इंजिने बंद होतात, कोणी पायसुद्धा हलवत नाही. मग एकजण तीन वेळा ठोकतो आणि सगळे कान देतात. ही खूण आपल्या तालमीत जरूर शिकवा. तिला पैसे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी न जाणल्यामुळे सद्भावनेने केलेली मदत जीवावर बेतते. कोणाची मांडी किंवा पाय जड वजनाखाली बराच वेळ, विशेषतः तासाहून अधिक काळ, दबलेला असेल, तर ते वजन घाईने उचलू नये. चिरडलेल्या स्नायूंत साचलेले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये वजन हटताच रक्तात मिसळतात, हृदयाची लय बिघडू शकते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आग किंवा पाणी यांसारखा तातडीचा धोका नसेल, तर वैद्यकीय पथक येईपर्यंत त्या माणसाशी बोलत राहावे, त्याला ऊब द्यावी आणि तो किती वाजल्यापासून अडकला आहे ते लिहून ठेवावे. ही वेळ डॉक्टरांना फार उपयोगी पडते. वाहते रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाने थेट आणि घट्ट दाब देणे, आणि श्वास थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देणे, ही दोन कौशल्ये मात्र वाचून येत नाहीत. त्यांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग करा आणि दोन वर्षांनी पुन्हा करा.

दूरच्या ठिकाणी आपत्ती आली की गाडी काढून निघावे असे वाटते, तेव्हा थांबा. एखाद्या संस्थेशी आधीपासून जोडलेले नसलेले, राहण्या-जेवण्याची स्वतःची सोय नसलेले पन्नास लोक आपत्तिग्रस्त गावात पोहोचले, तर त्या गावाला आणखी पन्नास माणसांची व्यवस्था बघावी लागते. वस्तूंचेही तसेच. डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तेथे येऊन पडले. काय आले आहे याचा अंदाज येण्यासाठीच ५० माणसांना सहा महिने लागले, आणि त्यातला मोठा भाग कामाचा नव्हता किंवा ओळखताही येण्याजोगा नव्हता. जुन्या कपड्यांची गाठोडी तर जवळजवळ प्रत्येक आपत्तीत रस्त्याकडेला भिजत पडलेली मी पाहिली आहेत. विश्वासू संस्थेला पैसे द्यावेत, किंवा तेथून आलेल्या यादीत असेल तेच आणि तेवढेच पाठवावे. संस्थेत नाव नोंदवायचे ते शांत काळात. त्यामुळे आपल्याला काय येते हे त्यांना कळते आणि त्यांची शिस्त आपल्या अंगवळणी पडते.

पहिला आठवडा उलटला की कॅमेरे जातात आणि खरे कंटाळवाणे काम सुरू होते : गाळ काढणे, अर्ज भरून देणे, शौचालये स्वच्छ ठेवणे, पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळूनच प्यावे हे पुन्हा पुन्हा सांगणे. गाळात उतरताना बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारा, आणि पुराच्या पाण्यात काम केल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगायला लावा, कारण लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरूनच येते. मृतदेहांमुळे साथ पसरते म्हणून ते ओळख न पटवताच घाईने पुरण्या-जाळण्याचा आग्रह काहीजण धरतात. जखमांमुळे किंवा बुडून मेलेल्यांच्या देहांमुळे साथी पसरत नाहीत असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. ओळख न पटता गेलेल्या माणसाचे नातेवाईक मात्र वर्षानुवर्षे कागदपत्रांसाठी आणि मनाच्या समाधानासाठी वणवण करतात. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘काय घडले ते सगळे सांग’ असे खोदून विचारू नका. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा, आणि त्याला आत्ता कोणाला फोन करायचा आहे का ते विचारा.

राहिला प्रश्न वयाचा आणि गुडघ्यांचा. एका पुरात शाळेच्या इमारतीत उघडलेल्या निवाऱ्याच्या दाराशी एक निवृत्त गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. आत येणाऱ्या आणि बाहेर पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, कोठून आला आणि कोठे गेला हे ते लिहीत होते. सकाळी सातला बसलेले गृहस्थ संध्याकाळी सहाला उठले. दुपारी एक मुलगी भिजलेल्या अंगाने वडिलांना शोधत आली. तिने आधी तीन निवारे पालथे घातले होते. गृहस्थांनी दोन पाने मागे उलटून सांगितले की तिचे वडील ११ वाजून १० मिनिटांनी येथे आले होते, दम लागत होता म्हणून त्यांना रुग्णालयात हलवले आहे, आणि बरोबर शेजारच्या घरातला मुलगा गेला आहे. ती पाने नंतर मी हातात घेऊन पाहिली. पहिल्या पानावरची पेनाची शाई भिजलेल्या हातांमुळे फुटली होती आणि दोन नावे वाचता येत नव्हती. तिसऱ्या पानापासून त्यांनी पेन्सिल घेतली होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन पेन्सिली आणि एक टोकयंत्र असते, आणि आपण नोंदवही करायला घ्याल तेव्हा तीही पेन्सिलीनेच लिहावी.